लम्हेटाची वाटणी

माझ्या डोक्यावर चार वर्षं एक बॅण्ड वाजत होता. डोक्यावर म्हणजे अगदी डोक्यावर, स्वयंपाकघराच्या बरोबर वरच्या खोलीत. जबलपूरच्या रांझीतलं हे घर बाबांनी फॅक्टरीत असताना बांधलं आणि वरची खोली पाहुण्यांसाठी काढली. पाहुणे यायचे बंद झाले तशी ती माझ्या भाचरांनी बळकावली. थोरल्या भावाचा, मोहनदादाचा हेमचंद्र गायचा आणि गिटार वाजवायचा. धाकट्या शशिकांतची शरयू बास वाजवायची. ड्रमवर पुरुषोत्तम दुबे, म्हणजे पुरू, जो जेवायला माझ्याकडे आणि झोपायला तेवढा स्वतःच्या घरी असायचा. नर्मदेच्या घाटावरून बॅण्डचं नाव ठेवलं होतं 'लम्हेटा'. ते जे वाजवायचे त्याला हेमू अल्टरनेटिव्ह रॉक म्हणायचा. म्हणजे काय रे, असं मी एकदा विचारलं तर म्हणाला, "आत्या, जे लग्नात वाजत नाही ते."

मी रेल्वेच्या कचेरीत नोकरी करते. संगीतातलं मला काही कळत नाही आणि कळतं म्हणून मान डोलावणाऱ्यांचा मला वीट येतो. पण एक गोष्ट मला त्यांच्या सगळ्या चाहत्यांपेक्षा जास्त ठाऊक होती. स्लॅबमधून खाली फक्त बास येतो. हेमूचा गळा, त्याची गिटार, सगळं वरच राहायचं, आणि माझ्या फळीवरचे डबे थरथरायचे ते शरयूच्या बोटांनी. पोळ्या लाटता लाटता मी 'लम्हेटा'ची सगळी गाणी शिकले ती शरयूच्या बाजूनं. पुढे एकदा त्यांचा कार्यक्रम ऐकायला सभागृहात गेले, तेव्हा माझ्या ओळखीच्या गाण्यांवर हा मुलगा उगाच का ओरडतो आहे, असं मला वाटलं. शेजारची बाई विचारते, "वो लड़की क्या बजा रही है? सुनाई तो कुछ दे नहीं रहा." मी म्हटलं, "किसी दिन मेरी रसोई में आइए."

तर चौथ्या वर्षी दिवाळीआधी, एका रविवारी दुपारी, शरयू सराव अर्धवट टाकून खाली आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"आत्या, मी बॅण्ड सोडून राहिली."

"भांडलात?"

"नाही न. भांडून काहून सोडीन? मला एकटीनं करायचं आहे. बास आणि माझा आवाज. बस, और कुछ नहीं."

ही मुलगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये दिवसभर सुया टोचते आणि चारचौघांत तोंड उघडत नाही. हिला आवाज आहे हेच माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. मी विचारलं, "तू गातेस?"

"गाते. घरात कोणी नसलं की." मग म्हणाली, "आणि आत्या, मला भोंगा पाहिजे. बाकी काही नको."

हे भोंग्याचं सांगायला हवं. शशिकांत फॅक्टरीत आहे. त्याच्या क्वार्टरमध्ये सकाळचं सगळं भोंग्यावर चालतं, चहा, डबा, बापाची स्कूटर. त्या भोंग्याच्या सुरावर शरयूनं बासची एक चाल बांधली, तिला आम्ही घरात भोंगाच म्हणायचो, आणि तिच्यावर शब्द लिहिले, आम्ही घरात बोलतो तशा मराठीत, अर्धी वऱ्हाडी आणि अर्धी हिंदी. हेमूला चाल फार आवडली, शब्द मात्र नाही. मराठी कोण ऐकणार म्हणाला. त्यानं आपले हिंदी शब्द बसवले, वर गिटार सोडली आणि गाण्याचं नाव ठेवलं 'पहली पाली', म्हणजे पहिली शिफ्ट. ते गाणं चाललं. चाललं म्हणजे भेडाघाटला नाववाल्याच्या फोनवर मी ते ऐकलं, आणि नाववाला माझ्या ओळखीचा नव्हता. त्याच गाण्यामुळे भोपाळच्या एका मोठ्या महोत्सवानं 'लम्हेटा'ला डिसेंबरात बोलावलं होतं.

आता गाणं कोणाचं? माझा जीव शरयूवर जास्त, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तरी खरं ते सांगते. शरयूच्या चालीवाचून ते गाणं उभं राहिलं नसतं आणि हेमूच्या गळ्यावाचून ते माझ्या घराबाहेर गेलं नसतं. दोघांचंही होतं, आणि म्हणूनच तर भांडण होतं.

हेमू मागोमाग खाली आलाच. "शरू, जायचं तं जा. गाणं ठेवून जा. ते बॅण्डचं आहे."

"चाल माझी आहे, दादा."

"आणि गायलं कोणी? लोकांपर्यंत नेलं कोणी?"

"तुला बास नुसता खाली वाजायला पाहिजे होता. तसा मी वाजवला न चार वर्षं. आता मला त्याच्यावर दुसरं काही नको आहे."

"बास आणि आवाज! भजन होईल, भजन."

"होऊ दे."

पुरू दारात शेंगदाणे खात उभा होता. तो म्हणाला, "बुआजी, आप ही कुछ बोलिए. दोनों आपके हैं." मला तो आरडाओरडा नको झाला होता, दूधही उतू गेलं होतं. मी म्हटलं, "पुरे आता. वाटणी करा. आपल्या घरात होते तशी."

आमच्या घराण्यात वाटणीची एक रीत आहे. आम्ही मूळचे वरुडकडचे, संत्र्यांच्या मुलखातले. तिथे ज्याला वेगळं व्हायचं असेल, म्हणजे जो वाटणी मागतो, त्यानंच वाटे पाडायचे. आणि दुसऱ्यानं आधी उचलायचं. वाटे पाडणाऱ्याला लबाडी करायची सोयच नाही, कारण उरलेलं त्याच्याच गळ्यात येणार. वस्तूचे तुकडे करायचे नाहीत. अंगावरचं वाटणीत येत नाही. आणि उचललं की उचललं, पुन्हा बदल नाही. माझ्या आजोबांनी, बळीराम आजोबांनी, असेच वाटे पाडले. भावानं विहीर असलेला वाटा उचलला, आजोबांकडे कोरडं रान आलं, आणि ते विकून ते जबलपूरला फॅक्टरीत लागले. त्यांनी कधी ब्र काढला नाही. आजी मात्र मरेपर्यंत त्या विहिरीचं नाव काढत होती.

हेमू आधी हसला. मग आपल्याला आधी उचलायला मिळणार हे त्याच्या डोक्यात शिरलं. "चलो, मंजूर," म्हणाला. शरयूही हो म्हणाली. पुरूनं आपले ड्रम आधीच बाजूला काढले. "मैं तो मेहमान हूँ," म्हणाला. पंच मी.

पुढच्या रविवारी वरच्या खोलीत सतरंजी अंथरली. हेमूची गिटार आणि शरयूचा बास हे अंगावरचं, ते भिंतीला उभं केलं. बाकी सगळं मध्ये आणलं. बासचा आवाज वाढवणारा मोठा अॅम्प, मिक्सर, माइक, वायरींची भेंडोळी. जे हातात धरता येत नाही त्याच्या चिठ्ठ्या केल्या, एक बॅण्डच्या नावाची, एक भोपाळची, आणि प्रत्येक गाण्याची एकेक. शरयू गुडघ्यावर बसली. मला वाटलं होतं ही तासभर तरी डोकं खाजवेल, चार वस्तू इकडून तिकडे करेल. तिनं अॅम्प डावीकडे ढकलला. मिक्सर डावीकडे. माइक, वायरी, नावाची चिठ्ठी, भोपाळची चिठ्ठी, एकूण एक गाणी डावीकडे. आणि उजवीकडे एकच चिठ्ठी ठेवली, भोंग्याची.

"झाले वाटे," ती म्हणाली.

तिचा हिशेब मला कळला. एवढा ढीग सोडून कोण शहाणा माणूस एक चिठ्ठी उचलेल? हेमूला नाव हवं होतं, भोपाळ हवं होतं, ते सगळं तिनं त्याच्या पुढ्यात टाकलं होतं आणि स्वतःसाठी फक्त एक गाणं ठेवलं होतं. आमच्या घरातल्या माणसांनी जमिनीचे वाटे पाडताना हेच केलं असतं, मोठ्या तुकड्याला कोण नाही म्हणतो? पण गाणी म्हणजे जमीन थोडीच आहे. तिथे एक तुकडा पिकतो आणि बाकीचं सगळं त्याच्या जिवावर उभं असतं. हे तिला कळलं नाही आणि मलाही वेळेवर कळलं नाही.

पुरूला कळलं. तो हळूच म्हणाला, "भाई, भोपालवाले तो वही गाना सुनने बुला रहे हैं."

हेमूनं ढिगाकडे पाहिलं. मग शरयूकडे पाहिलं. शरयू चिठ्ठीकडे पाहत नव्हती, मुद्दाम खिडकीबाहेर पाहत होती, आणि तिथेच ती पकडली गेली. हेमू वाकला आणि त्यानं चिठ्ठी उचलली.

शरयूचा चेहरा पांढरा पडला. मला हेमूच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि मी पंच होते. त्यानं काहीही खोटं केलं नव्हतं.

"ऐक, शरू," हेमू मऊ आवाजात म्हणाला. "मी काही दुश्मन नाही तुझा. तू राहा न बॅण्डमध्ये. गाणं दोघांचं, सब कुछ दोघांचं. भोपाळ करू, मग बघू तुझं एकटीचं."

खरं सांगते, मला ते पटलं. मी मनात म्हणत होते, हो म्हण गं बाई, हो म्हण. गाणं मिळतंय, घर एक राहतंय, मग बघू तर मग बघू.

शरयू उठली. "नाही," म्हणाली. "तू उचललं न? हो गया. गाणं तुझं. अॅम्प माझा आहे, तो इथेच राहील. भोपाळ माझ्याकडे आलं, भोपाळ मी करीन."

"कोणतं गाणं घेऊन करशील?"

"आहेत न इतकी," ती सतरंजीकडे हात करून म्हणाली. त्या ढिगातलं एकही गाणं तिला नको होतं, हे आम्हा चौघांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं भोपाळच्या लोकांना फोन केला. 'लम्हेटा' म्हणजे आता एकटी शरयू, ड्रम नाही, गिटार नाही, 'पहली पाली' नाही. त्यांनी बरीच कुरकुर केली. शेवटी मोठ्या मंचावरून काढून तिला दुपारच्या लहान मंचावर टाकलं. ती म्हणाली, चालेल. पुरू हेमूबरोबर गेला, जाताना माझ्या पाया पडला, आणि मला त्याच्या भुकेची काळजी वाटली.

मग शरयू रोज संध्याकाळी लॅबमधून सरळ माझ्याकडे येऊ लागली. वर जायची, अॅम्प लावायची. पहिले काही दिवस जे खाली आलं ते मी कोणाला ऐकवलं नसतं. बोटं आपोआप भोंग्याकडे जायची. दोन-चार सूर वाजले की ती एकदम थांबायची. मग नुसती शांतता. मग काहीतरी दुसरं सुरू व्हायचं, अडखळायचं, पुन्हा भोंग्यात घसरायचं, पुन्हा थांबायचं. मी खाली हातात लाटणं घेऊन उभी. माझाच जीव रडकुंडीला यायचा.

जेवताना मी एकदा स्पष्ट सांगून टाकलं. "शरयू, हे काही जमत नाही आहे."

"माहीत आहे," ती भात कालवत म्हणाली. "जमवून राहिली."

"थोडे दिवस जाऊ दे. पुढच्या वर्षी कर."

"आत्या, पुढच्या वर्षी मी लॅबच करीन मग. मला माहीत आहे न मी कशी आहे." आणि तिनं आणखी भात मागितला.

त्यानंतर मी सल्ले देणं बंद केलं. ती रडली असेल तर वर रडली असेल, खाली येताना चेहरा धुतलेला असायचा. नोव्हेंबरअखेरीला शहपुऱ्याकडचा मटार बाजारात आला, तो आला की आमच्या घरात महिनाभर दुसरी भाजी शिजत नाही. आम्ही दोघी वर्तमानपत्र पसरून सोलायला बसायचो. मी बोलत नसे, तीही नाही. मला तिला विचारायचं होतं, तुला माझा राग आला का, ती वाटणीची रीत मीच काढली ना? विचारलं नाही. एका संध्याकाळी ती अर्ध्या शेंगा टाकून वर पळाली. थोड्या वेळानं डबे वाजायला लागले. हळू, अगदी सोलण्याच्या चालीनं, फट्, मग दाणे, मग पुढची शेंग. त्यात भोंगा नव्हता. मी गॅस बंद केला आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या सरावाच्या वेळी जिना चढून वर गेले.

ती डोळे मिटून गात होती. आवाज जाडसर आहे तिचा, थोडा बापासारखा. शब्द एवढेच होते:

"दोघी बसल्या, सोलून राहिल्या,
बोलायचं तेच राहून गेलं."

मी दाराशी उभी राहून म्हणाले, "मटारावर गाणं केलंस? लोक हसतील."

"हसू दे," ती म्हणाली. मग डोळे उघडून म्हणाली, "तुझ्यावर राग नाही माझा, आत्या." मी खाली आले आणि भाजीत मीठ दोनदा घातलं.

भोपाळच्या आधीच्या रविवारी हेमू आला. हातात कोणाकडून तरी मागून आणलेला बास. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. सरळ वर गेला, आणि मी काही लपूनछपून ऐकणारी बाई नाही, मीही सरळ मागोमाग वर गेले.

"जमत नाही, शरू," तो म्हणाला. "दोन जण ठेवून पाहिले बासवर. सूर सगळे बरोबर लावतात, पण गाणं उभंच राहत नाही. मग मीच शिकायला घेतलं. माझ्यानं तं अजिबात होत नाही." त्यानं खिशातून ती चिठ्ठी काढून अॅम्पवर ठेवली. "घे. तुझं आहे. अट नाही काही. तुझ्या शब्दांत गा, भोपाळला गा. मी येणार पण नाही मध्ये."

माझा आनंद पोटात मावेना. रीत गेली खड्ड्यात, असं पंच असून मी मनात म्हटलं, आणि तोंडानं म्हटलं, "घे गं, घे लवकर."

शरयूनं त्या चिठ्ठीकडे पाहिलं. ज्यासाठी तिनं सगळा ढीग दुसऱ्या बाजूला लोटला होता ते आता तिच्या हातभर अंतरावर होतं. तिनं हात पुढे केला. चिठ्ठी उचलली आणि हेमूच्या शर्टाच्या खिशात घातली.

"नको, दादा."

"काहून? राग आहे अजून?"

"राग होता. आता नाही. पण हे घेतलं न, तर मी जन्मभर हेच वाजवीन. लोक हेच मागतील आणि मी देत राहीन. मला दुसरं येऊन राहिलं आहे आता, थोडं थोडं." तिनं त्याच्या हातातल्या बासकडे पाहिलं. "धर नीट. असा नाही, पट्टा वर घे. मी दाखवते. तुझं गाणं आहे, तर तुला नीट यायला पाहिजे."

ती त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि तिनं त्याला भोंगा शिकवायला घेतला. कुठलं बोट, किती दाब, कुठे सूर मध्येच सोडून द्यायचा. काही हातचं राखलं नाही. तिचा तो सूर मी चार वर्षं ऐकला होता, पण तो सोडून देताना तिचा अंगठा तारेवर कसा अलगद येतो ते मला त्या दिवशी दिसलं. हेमू मान खाली घालून वाजवत होता. मध्येच थांबून म्हणाला, "भोपाळला लोक ओरडतील न, पहली पाली, पहली पाली. काय करशील?"

"सांगीन, ते हेमचंद्रचं आहे, त्याला बोलवा. तो छान गातो. आणि मग माझं वाजवीन."

हेमूच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. बासवर पडलं, त्यानं बाहीनं पुसलं. मीही रडले, त्यात लपवण्यासारखं काय आहे? शरयू तेवढी रडली नाही. तिनं त्याचा हात धरून तारेवर परत ठेवला.

"चल, पुन्हा पहिल्यापासून," ती म्हणाली. "इथे तू घाई करून राहिला, दादा."